वर्दी आली की निघायचं

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या संध्याकाळच्या सत्रात, महापालिकेच्या अग्निशमन दलातून स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या, आपल्याच वस्तीतील एका उपासकाने केलेले हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. – संपादक मंडळ)



मी काही वक्ता नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षे आगीवर ओरडण्यात गेली. आमची भाषा म्हणजे "पाणी सोड", "पाणी बंद कर", "मागे हो". याच्यापेक्षा लांब वाक्य बोलायची सवय नाही. समितीच्या लोकांना मी तसं सांगितलं, तर ते म्हणाले, तेच सांगा, आम्हाला तेच ऐकायचंय. म्हणून उभा आहे.

आग विझवणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. लाल बंब, घंटा, निळा-लाल दिवा. पण खरं सांगायचं तर, प्रत्यक्ष आगीसमोर उभं राहण्याचा वेळ आमच्या नोकरीत फार थोडा. बाकीची सगळी नोकरी दोन गोष्टींत जाते. एक वाट बघणे आणि दुसरी वाट कापणे. आज मी या दोन गोष्टींबद्दल बोलणार आहे, कारण आगीबद्दल तर सिनेमावालेसुद्धा सांगतात.

आधी एक शब्द समजावून सांगतो. बाहेर 'वर्दी' म्हटलं की लोकांना युनिफॉर्म आठवतो. आमच्या खात्यात वर्दी म्हणजे आगीची खबर. "वर्दी आली", "वर्दीवर गेलो", असंच आम्ही बोलतो. १०१ नंबरवर फोन येतो, वॉच-रूममधला माणूस तो घेतो, वहीत वेळ लिहितो आणि घंटा देतो. घंटा वाजली की एका मिनिटाच्या आत बंब गेटबाहेर पडला पाहिजे. दिवसा आणि रात्रीही. म्हणून रात्री झोपताना बूट पलंगाच्या खाली, पँट बुटावर अशी ठेवलेली की पाय घातला की दोन्ही एकदम अंगात. माझ्या मिसेसला ही सवय अजून खटकते. निवृत्त होऊन इतके दिवस झाले तरी माझ्या चपला दाराकडे तोंड करूनच असतात.

आता वाट बघण्याचं. लोकांना वाटतं, यांना काय, दिवसभर कॅरम खेळायचा आणि पगार घ्यायचा. कॅरम खेळायचो, खोटं कशाला बोलू. पण सकाळी हजेरी झाली की आधी पंप चालू करून बघायचा. होज वाळत घातलेले असतात ते गुंडाळायचे. शिडी, दोर, कुऱ्हाड, श्वासाचा सेट, त्यातल्या सिलिंडरमध्ये हवा किती ते तपासायचं. ड्रिल करायची. आणि मग थांबायचं. हे थांबणं सोपं नाही हो. शेतकरी पावसाची वाट बघतो तेव्हा त्याला पाऊस पाहिजे असतो. आम्ही ज्याची वाट बघतो ते यावं असं आम्हाला वाटत नाही, आणि तरी त्याच्यासाठीच बसलेलो असतो. भन्तेजी ध्यानाला बसवतात तेव्हा सांगतात, सावध राहा पण ताणात राहू नका. मला ते विहारात कमी आणि वॉच-रूमच्या बाकड्यावर जास्त समजलं.

या बसण्यात घरचं बरंच निसटतं. दिवाळीत आम्हाला सुट्टी नाही, फटाक्यांमुळे. गणपतीत नाही, विसर्जनामुळे. पावसाळ्यात तर नाहीच. उल्हास आणि वालधुनी या दोन नद्या काय करतात ते २६ जुलै २००५ ला आपण सगळ्यांनी भोगलंय. उरले आपले दिवस. १४ एप्रिलला बंदोबस्त. ६ डिसेंबरला मिसेस पोरांना घेऊन चैत्यभूमीला जायची, मी स्टेशनवर. एकदा बुद्ध पौर्णिमेला तिने स्टेशनवर खिरीचा मोठा डबा पाठवला. झाकण उघडलं आणि घंटा वाजली. परत आलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा. आमच्या पाळीत एक आगरी, दोन मराठा, एक मुसलमान ड्रायव्हर, एक कोळी, आणि मी. काळ्या तोंडांनी, हातसुद्धा नीट न धुता आम्ही ती खीर खाल्ली. ड्रायव्हर म्हणाला, "साहब, पौर्णिमा महिन्याला असते ना? भाभींना सांगा." मी सांगितलं. पुढे ती गोष्ट आमच्या पाळीची रीतच होऊन गेली.

आता वाट कापण्याकडे येतो.

बंब म्हणजे काय, तर चाकावरची पाण्याची टाकी. साधारण साडेचार हजार लिटर पाणी, म्हणजे नुसतं पाणीच साडेचार टन. हे पाणी टाकीत हलतं. वळणावर ते एका बाजूला जातं, ब्रेक मारला की पुढे धाव घेतं. म्हणून बंबाचा ड्रायव्हर हा ट्रकच्या ड्रायव्हरपेक्षा वेगळा लागतो. त्याला वेगही पाहिजे आणि धीरही. आणि एवढं पाणी घेऊन गेलो तरी दोन ब्रँच जोरात चालवल्या तर ते दहा मिनिटंसुद्धा पुरत नाही. मग टँकर लागतात, हायड्रंट लागतो, नाहीतर तळं, विहीर, खाडी जे जवळ असेल त्यात सक्शन टाकायचं. त्यालाही मर्यादा आहे. पाणी सात-साडेसात मीटरपेक्षा खोल असेल तर पंप ते ओढू शकत नाही, पंप कितीही मोठा असू द्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक आम्हाला शिव्या देतात की "पाणी न घेताच आले". पाणी घेऊन येतो, ते संपतं.

आपल्या कल्याणची गंमत अशी की मधून रेल्वे गेलीय. पश्चिमेतून पूर्वेला यायचं तर पूल ओलांडावा लागतो. जुना पत्री पूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. मधली दोन वर्षे आम्ही कशी काढली ते आमचे ड्रायव्हरच जाणे. समोर रिक्षांची रांग, मागे ट्रक, आणि बंब मध्ये उभा, घंटा वाजवतोय. लोक बाजूला होत नाहीत असं नाही. बहुतेक होतात. रिक्षावाले तर फार लवकर होतात, त्यांना मी मानतो. पण एक जात अशी आहे की बंबाला वाट मिळाली रे मिळाली की मोटारसायकल काढून बंबाच्या मागोमाग घुसते, आपलीही वाट काढून घेते. मग दुसरा टँकर येतो तो त्यांच्या मागे अडकतो. असा माणूस तुमच्या घरात असेल तर त्याला आज जेवताना सांगा.

लांबच्या वर्दीही असतात. भिवंडीची गोदामं आपल्याला माहीत आहेत. आमच्या हद्दीत नसली तरी मोठी आग असली की शेजारच्या महापालिकांचे बंब मागवतात. दुर्गाडी पूल ओलांडायचा, कोनगाव, आणि पुढे आकाशात धूर दिसतोच, पत्ता विचारावा लागत नाही. कापड, धागा, पुठ्ठा, प्लास्टिक, केमिकलचे पिंप. अशा गोदामाची आग एका दिवसात विझत नाही. वरून विझते, आत ढिगाऱ्यात धुमसत राहते. दोन-दोन, तीन-तीन दिवस तिथेच. आपल्या आधारवाडीच्या डम्पिंगचंही तसंच होतं, दर उन्हाळ्यात पेटायचं. २०२१ साली ते बंद झालं तेव्हा आमच्या स्टेशनवर कुणी पेढे वाटले असते तर मला नवल वाटलं नसतं. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला झाला. दुसऱ्या वेळी मी निवृत्त होतो. घरी बसून टीव्हीवर बघत होतो आणि पाय आपोआप दाराकडे जात होते.

नोकरीतला पहिला मोठा प्रवास नागपूरचा. १९९६ साली खात्याने मला सब ऑफिसरच्या कोर्सला पाठवलं. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ साली ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. १९५६ साल म्हटलं की आपल्याला दुसरंच आठवतं. माझंही तसंच झालं. पहिल्या रविवारी सुटी मिळाली तशी मी दीक्षाभूमीवर गेलो. तेव्हा स्तूपाचं काम चालू होतं, त्याचं लोकार्पण पुढे २००१ साली झालं. बांबूचे परांचे, सिमेंटची पोती. आणि मी काय बघत होतो माहीत आहे? माणसं कुठून आत येतात, कुठून बाहेर पडतात, दसऱ्याला इथे लाखोंची गर्दी होते तेव्हा बंब कुठे उभा करत असतील. वंदना झाली आणि लगेच डोकं त्या हिशोबात गेलं. हा रोग फायरब्रिगेडवाल्याला जन्मभराचा. लग्नाला गेलो तरी आधी हॉलचं मागचं दार शोधतो.

पण ज्या प्रवासाबद्दल मला आज खरं बोलायचं आहे तो महाडचा.

२२ जुलै २०२१. महाडला पूर आला, सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या गावात शिरल्या. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. मुंबई-ठाण्याकडच्या महापालिकांची पथकं मदतीला निघाली. आमचंही निघालं. कल्याणहून शिळफाटा, पनवेल, पेण, वडखळ, माणगाव. दीडशे किलोमीटरहून जास्त. एरवी २० मार्चला आपण याच रस्त्याने बसमधून गाणी म्हणत जातो. त्या रात्री बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. खड्डे इतके की मागच्या गाडीतला पंप बांधलेला दोर दोनदा सुटला.

महाडमध्ये पोचलो तेव्हा पाणी ओसरलेलं होतं. पाणी ओसरलं म्हणजे संकट संपलं असं टीव्हीवर वाटतं. पाण्याच्या मागे चिखल राहतो. घरात, दुकानात, कपाटात, देव्हाऱ्यात, धान्याच्या कोठीत, सगळीकडे गुडघाभर गाळ. त्याला वास असतो, तो सांगता येत नाही. आमचं काम म्हणजे पंप लावून साचलेलं पाणी काढायचं, होजने रस्ते आणि घरं धुवायची. पहिल्या दिवशी आम्ही एकच गल्ली केली. एका घरात म्हातारी बाई पलंगावर बसलेली, पलंगाच्या पायांना अजून चिखल. आम्ही घर धुऊन दिलं. तिने शेजारून चहा आणवला. स्वतःच्या घरात कप नव्हता, सगळं वाहून गेलेलं. चहा देताना विचारलं, "कुठले रे बाबांनो?" कल्याण म्हटलं. पुढे काही विचारलं नाही.

मी हे का सांगतोय ते तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या गावात १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या माणसांना घेऊन तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्याबद्दल आपल्या माणसांना मार खावा लागला, त्याच गावात आम्ही पाणी घेऊन गेलो होतो. घरोघर पाणी मारत होतो. आमच्या पथकात कोण कुठल्या जातीचा हे कुणी विचारलं नाही. मी इथे गोड बोलून टाळ्या घेणार नाही. संकटात जात विचारत नाहीत हे खरं आहे. आग विझल्यावर, पूर ओसरल्यावर, घर पुन्हा उभं राहिलं की काही जण विचारतात, हेही खरं आहे. ज्या माणसाला मी खांद्यावर टाकून जिना उतरलो त्याच्याच घरच्यांनी पंधरा दिवसांनी मला "आडनाव काय?" म्हणून विचारलेलं आहे, आणि आडनाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलंय. पण त्या चेहऱ्यासाठी मी नोकरी केली नाही. घंटा वाजते तेव्हा बंबाला पत्ता कळतो, जात कळत नाही. हे मला फार आवडलं आमच्या खात्याचं.

निघायच्या दिवशी पहाटे मी आणि आमचा एक तरुण जवान चवदार तळ्यावर गेलो. तो आपल्यातला नाही, पण म्हणाला, "साहेब, एवढ्या लांब आलोय, मला दाखवा." गमबूट चिखलाने भरलेले होते. पायऱ्यांच्या अलीकडे मी ते काढले, त्यानेही काढले. मी त्रिसरण म्हटलं. तो शांत उभा राहिला. नंतर त्याने मला एकच प्रश्न विचारला, "एवढ्याशा पाण्यासाठी?" मी म्हटलं, हो, एवढ्याशा पाण्यासाठी. परतीच्या प्रवासात माणगावपर्यंत तो खिडकीबाहेरच बघत होता.

आता एक जड गोष्ट सांगतो. १ नोव्हेंबर २०१८ ला इथेच जवळ, नेतिवलीत, एका विहिरीत सफाईसाठी माणूस उतरला. तो वर आला नाही. त्याला काढायला गेलेलेही वर आले नाहीत. पुढे त्यांना काढायला गेलेले आमचे दोन जवानही गेले. एकूण पाच जीव. त्याबद्दल मला जास्त बोलवत नाही. पण विहीर, गटार, सेप्टिक टँक यांच्यात काय असतं ते तुम्हाला कळलंच पाहिजे, विशेषतः आपल्या समाजाला, कारण आजही अशा ठिकाणी उतरायला बोलावतात ते बहुतेक आपल्याच पोरांना. तळाशी विषारी वायू साठतो. काही वायू हवेपेक्षा जड असतात, ते खाली बसून राहतात, दिसत नाहीत. कुजक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण वायू जास्त असला की नाकाची संवेदनाच मरते, माणसाला वाटतं वास गेला, हवा चांगली झाली. आणि दोन श्वासांत तो कोसळतो. वरचा माणूस म्हणतो, चक्कर आली वाटतं, आणि प्रेमापोटी उडी मारतो. भाऊ भावासाठी उतरतो, बाप मुलासाठी उतरतो. अशीच माणसं एकामागून एक जातात. म्हणून सांगतो, आत पडलेला तुमचा सख्खा भाऊ असला तरी श्वासाच्या सेटशिवाय उतरू नका. १०१ ला फोन करा, वरून हवा सोडता आली तर सोडा, दोर टाका. आणि मुळात सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली. पण कुणी चार-पाचशे रुपये जास्त देतो म्हणाला तर पोराला सांगा, बाबासाहेबांनी आपल्याला त्या खड्ड्यातून वर काढलंय.

१४ एप्रिलचं सांगतो. हा दिवस आपला, हे लहान पोरही सांगेल. पण देशभरातल्या अग्निशमन दलांचाही तोच दिवस आहे, हे किती जणांना माहीत आहे? १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. कराचीहून आलेलं. पोटात कापसाच्या गासड्या, सुमारे १४०० टन दारूगोळा, आणि सोन्याच्या विटासुद्धा. दुपारी कापसाला आग लागलेली दिसली. मुंबईचे फायरमन जहाजावर चढले, पाणी मारत राहिले. चार वाजून गेले आणि पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. गोदीत आणि आजूबाजूच्या वस्तीत शेकडो माणसं मेली. त्यात ६६ अग्निशमन जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि २० एप्रिलपर्यंत सप्ताह असतो. त्या दिवशी बाबासाहेब ५३ वर्षांचे झाले होते, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आणि मुंबईतले ते फायरमन कोण होते? मजूरच ना. पोटासाठी शहरात आलेली माणसं.

म्हणून माझा १४ एप्रिल असा जायचा. सकाळी स्टेशनवर परेड, त्या ६६ जणांना सलामी. संध्याकाळी जयंतीच्या मिरवणुकीत बंब घेऊन बंदोबस्त. निळे झेंडे, ढोल, आपलीच माणसं ओळखून हात करायची. मी बंबाच्या केबिनमधून हात करायचो. खाली उतरून नाचता यायचं नाही. एकदा माझा धाकटा मुलगा बंबाजवळ येऊन म्हणाला, "पप्पा, सगळ्यांचे पप्पा खाली आहेत." ड्रायव्हरने त्याला उचलून केबिनमध्ये बसवला. नियमात बसत नव्हतं, पण बंब उभाच होता. समितीला माझी पहिली विनंती इथेच आहे. येत्या १४ एप्रिलला बाबासाहेबांना अभिवादन झालं की दोन मिनिटं त्या ६६ जणांसाठी उभं राहू या.

मागच्या वर्षावासात भन्तेजींनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक चुल्लवग्गातली. रानातला वणवा विहाराकडे येत असेल तर समोरून आग लावून तो अडवायची तथागतांनी भिक्खूंना परवानगी दिलेली आहे. जंगलखातं आजही हेच करतं. मला फार आनंद झाला हो. दुसरी महापरिनिब्बान सुत्तातली. तथागत पाटलीगामात आले तेव्हा मगधाचे मंत्री तिथे नगर वसवत होते. तथागत आनंदाला म्हणाले की हे मोठं नगर होईल आणि याला तीन गोष्टींपासून धोका राहील, आगीपासून, पाण्यापासून आणि आपसातल्या फुटीपासून. पहिल्या दोन गोष्टींसाठी आमचं खातं आहे. तिसऱ्यासाठी १०१ नंबर नाही. ते समितीने बघावं. (हशा)

फोन करताना एवढं लक्षात ठेवा. "विहाराजवळ आग लागलीय, लवकर या" असं सांगून फोन ठेवू नका. कल्याण पूर्वेत विहार किती आहेत? कुठला विहार, कुठला नाका, काय जळतंय, कितव्या मजल्यावर, आत कुणी अडकलंय का. आणि एका पोराला नाक्यावर उभा करा, रस्ता दाखवायला. ११२ नंबरही चालतो. भोजनदानाच्या वेळी गॅसचे सिलिंडर मंडपाच्या बाहेर, उभे ठेवा. घरात गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. हा गॅस जड असतो, जमिनीलगत पसरतो, म्हणून खालूनही वारा जाऊ द्या. मेणबत्त्या वाळूच्या ताटात लावा, पडद्यापासून लांब.

आणि शेवटचं. एका वस्तीत, नाव घेत नाही, रात्री चाळीत आग लागली. वर्दी वेळेवर आली, आम्हीही वेळेवर पोचलो, गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथे उत्सवाची कमान, तिच्या मागे मंडप, मंडपाच्या मागे दोन्ही बाजूंना मोटारसायकली. बंब आत जाईना. आम्ही पंधरा-पंधरा मीटरचे होज जोडत पळत गेलो. एकाला एक, एकाला एक. मंडळाची पोरं रडत रडत कनात फाडत होती. दोन लेकरं आम्ही बाहेर काढली. त्यांच्या आजोबांना नाही काढता आलं. उत्सव कुणाचा होता ते मी सांगणार नाही. उत्सव कुणाचाही असू शकला असता.

काल मी टेप घेऊन आपल्या विहाराची गल्ली मोजली. बंब रुंदीला अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांहून जास्त, आरसे वेगळे. गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आणि किराणा दुकानाचा ओटा यांच्यामध्ये साडेदहा फूट आहे. म्हणजे बंब येतो, पण त्या ओट्यापुढे मोटारसायकल नसली तरच. पुढे वळणावर आपण जयंतीची कमान रोवतो, तिचे खांब नऊ फुटांवर असतात. ते बारा फुटांवर रोवले तर बंब थेट विहाराच्या पायरीपर्यंत येईल. मंडपवाल्याशी मी बोललोय, तो म्हणतो जास्त पैसे घेणार नाही. गाड्यांसाठी रविवारी सकाळी वंदना झाल्यावर दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारायची आहे, तिच्या आत कुणी गाडी लावायची नाही. चुना मी आणतो. पाच-सहा पोरं पाहिजेत, आणि एक दोरी.

जयभीम.